रात्री आठनंतरची बातमी

नमस्कार. ठाणे-वाशी, नेरूळ-बेलापूर, जिथे कुठे तुम्ही ऐकत असाल तिथे रात्री आठनंतर टीव्ही चालू असणारच. जेवताना बातम्या हव्यातच आपल्याला. त्यात बातमी किती आणि वाहिनीचं मत किती, हे कसं ओळखायचं, त्याबद्दल आज बोलू.

समजा, घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटात दुरुस्ती निघाली आहे. वाहतूक पोलिसांची अधिसूचना आली: अमुक तारखेपर्यंत जड वाहनांना बंदी, पर्यायी मार्ग असा असा. ही बातमी, कारण कागद मागवून ती पडताळता येते. आता पडद्याखालची पट्टी वाचा. 'ठाणेकरांचे हाल कुणामुळे?' तारखा गेल्या, पर्यायी मार्ग गेला, उरली ती दोषी कोण याची चर्चा. त्या प्रश्नचिन्हाची सोय अशी की आरोप तुमच्यापर्यंत पोचतो, पण तो आम्ही केला असं वाहिनीला म्हणावं लागत नाही.

मग दृश्यं बघा. कोंडीचा वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा फिरून फिरून दाखवतात. बातमी मार्चमधली आणि गाड्यांचे वायपर चालू असतील, तर ती दृश्यं बहुधा गेल्या पावसाळ्यातली आहेत. जुन्या दृश्यांवर कोपऱ्यात 'फाइल' असं लिहायला हवं. पुष्कळदा ते नसतं.

क्रियापदांकडेही कान द्या. नेत्यानं एक वाक्य उच्चारलं. एका वाहिनीवर तो 'म्हणाला', दुसरीवर त्यानं 'दावा केला', तिसरीवर 'कबुली दिली' आणि चौथीवर थेट 'घूमजाव'. एकाच पक्षाची माणसं नेहमी 'स्पष्ट करतात' आणि दुसऱ्याची नेहमी 'आरोप करतात', असं आठवडाभर दिसलं की वाहिनीचा कल कळला म्हणून समजा.

पॅनेलचा हिशोब मात्र घड्याळ लावूनच करावा लागतो. चौकटी सहा, दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाहुणे, म्हणजे समतोल झाला असं वाटतं. तसं नसतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि बघा, कोणाला किती सेकंदांनी अँकर तोडतो. एकाला सलग दीड मिनिट मिळतं, दुसऱ्याला पंधराव्या सेकंदाला 'थांबा, मुद्द्यावर या'. शिवाय 'राजकीय विश्लेषक' या पाटीखाली बसलेला गृहस्थ कुठल्या पक्षाचा जुना पदाधिकारी आहे का, हे पाटीवर नसतं. एक उपाय सोपा आहे. पाच मिनिटं आवाज बंद करून फक्त पट्ट्या वाचा. कोण, कुठे, कधी, किती, यांची उत्तरं त्या पाच मिनिटांत मिळाली नाहीत, तर तुम्ही बघत होता ते मत होतं.

हे असं का होतं? राजकीय दबाव आहे, मालकांचे हितसंबंध आहेत, ते सगळं खरं. पण माझ्या मते खर्चाचा भाग त्याहून मोठा. शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. त्याचं पाणी मुंबई-ठाण्याला येतं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. ही बातमी करायची तर बातमीदार, कॅमेरामन, गाडी आणि अख्खा दिवस लागतो. चार जणांना व्हिडिओ कॉलवर भांडायला बसवणं जवळजवळ फुकट. शिवाय टीआरपी, म्हणजे कुठली वाहिनी किती बघितली जाते त्याचा आकडा, आहेच. सेट टॉप बॉक्स सुरू केला की जी वाहिनी आपसूक लागते, ती जागाही पैसे मोजून घेतलेली असू शकते. तेव्हा पहिली दिसली म्हणून ती पहिल्या क्रमांकाची, असं धरू नका.

जाता जाता, आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचंच बातमीपत्र जसंच्या तसं लावावं लागतं. टीव्हीला मात्र दिवसभर रान मोकळं. हा भेद मला कधीच पटलेला नाही.

आता तक्रार. 'ही वाहिनी पक्षपाती आहे' एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. वाहिनीचं नाव, कार्यक्रम, तारीख, प्रसारणाची वेळ मिनिटासकट, आक्षेप असलेलं नेमकं वाक्य किंवा पट्टी, आणि ती चूक कशी हे दाखवणारा कागद, म्हणजे आपल्या उदाहरणात पोलिसांची अधिसूचना, एवढं जोडा. समाजमाध्यमावर टाकलेली पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे. वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे सात दिवसांच्या आत ईमेल करा, कारण एनबीडीएसए ही वृत्तवाहिन्यांची स्वनियमन संस्था सात दिवसांची मुदत पाहते, आणि बरीच प्रकरणं तिथेच बाद होतात. 2021 च्या केबल नियमांनुसार वाहिनीनं 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर ती ज्या स्वनियमन संस्थेची सभासद आहे तिच्याकडे अपील, त्यावर 60 दिवसांत निकाल आणि त्याच्याही वर केंद्र सरकार. पण आधी सभासदांची यादी पाहा, सगळ्या वाहिन्या एनबीडीएसएच्या कक्षेत येत नाहीत. तिचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये, आणि एवढ्यानं काय होणार, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं होतं. तरी माफी दाखवायला लावणं किंवा व्हिडिओ काढायला लावणं, हे आदेश वाहिन्यांना दंडापेक्षा जास्त झोंबतात.

तुमच्या केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीबद्दल तक्रार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचं. ऐरोली ते बेलापूरवाल्यांसाठी ते ठाण्यात. खारघर, कामोठे, कळंबोलीकरांनी मात्र ठाण्याला अर्ज टाकू नये. तुमचा जिल्हा रायगड, आणि तुमचा अर्ज अलिबागला जातो.