ब्राउरोनच्या लहान मुली

श्रोतेहो, नमस्कार.

अथेन्सला जाणारे आपले बहुतेक प्रवासी अॅक्रोपोलिस पाहून बेटांकडे वळतात. त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी थोडा वेळ काढून अथेन्सभोवतालच्या अॅटिका प्रदेशाच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्राउरोनला अवश्य जावे. एरासिनोस नदीच्या मुखाजवळ आर्टेमिस देवीचे प्राचीन देवस्थान आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर त्याचे छोटेखानी संग्रहालय आहे.

या संग्रहालयात भेटतात त्या संगमरवरातील लहान मुली. कुणाच्या हातात ससा आहे, कुणाच्या हातात पक्षी. गाल गुबगुबीत आणि अंगावर पायघोळ वस्त्र. अथेन्सच्या मुली साधारण पाच ते दहा वर्षांच्या वयात या देवीच्या सेवेला येत आणि त्या काळात त्यांना ‘अस्वले’ म्हणत. कथा अशी, की देवीचे एक माणसाळलेले अस्वल एका मुलीला ओरबाडते, तिचे भाऊ त्याला ठार करतात, मग रोगराई पसरते आणि तिचे निवारण म्हणून मुलींना अस्वलाचे सोंग घ्यावे लागते. संग्रहालयातील लहान मातीच्या पात्रांवर धावणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत. त्या याच विधीतल्या असाव्यात, असे मानले जाते. राजे आणि सेनापती यांच्या पुतळ्यांनी भरलेली दालने पुष्कळ आहेत. आईबापांनी आपल्या लेकरांसाठी वाहिलेल्या मूर्ती इतक्या संख्येने एकत्र पाहायला मिळणे मला त्याहून मोलाचे वाटते.

बायका येथे आरसे, दागिने आणि वस्त्रेही वाहत. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांची वस्त्रे इफिगेनियाला, म्हणजे दंतकथेतील या देवीच्या पुजारिणीला, अर्पण होत, असे नाटककार युरिपिडीस सांगतो. ती वस्त्रे काळाच्या ओघात नष्ट झाली, परंतु देवीला वाहिलेल्या कपड्यांच्या याद्या दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत. पवित्र झऱ्याच्या चिखलात मात्र, एरवी कुजून जाणाऱ्या लाकडी वस्तूसुद्धा टिकल्या. पुराच्या ज्या गाळाने हे देवस्थान बुजवले, त्यानेच त्याचे रक्षणही केले. 1948 मध्ये इयोआनिस पापादिमित्रिऊ यांनी येथे उत्खनन सुरू केले.

संग्रहालय पाहून झाल्यावर देवस्थानातील स्तंभांच्या ओवरीकडे जावे. तिच्यामागच्या खोल्यांत मुली झोपत असाव्यात, असे पूर्वी काही अभ्यासकांना वाटे. परंतु मंचकांच्या पायांसाठी जमिनीत केलेल्या खाचा आणि दगडी मेजे पाहता, या मेजवानीच्या खोल्या होत्या, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.