स्वेनब्योर्नचा आवाज

आधी हा आवाज ऐका. याला गाणं म्हणावं तर सूर फारसा हलत नाही, आणि वाचन म्हणावं तर लय सुटत नाही. आइसलँडमधे याला रीमुर म्हणतात, लांबलचक कथाकाव्यं, हिवाळ्याच्या रात्री शेतघरात सगळे लोकरीचं काम करत बसायचे आणि घरातलं कोणीतरी ती म्हणायचं.

हा आवाज स्वेनब्योर्न बेन्टेन्सन यांचा. जन्म १९२४, राहायला पश्चिम आइसलँडमधे, ड्रागहाउल्स नावाच्या शेतावर, मेंढ्या पाळायचे. पण वृत्तांचं वेड इतकं की १९५३ मधे रीमुरच्या छंदशास्त्रावर त्यांनी अख्खं पुस्तक काढलं. ओदिन, थॉर, फ्रेया हे ख्रिस्ती धर्माआधीचे देव त्यांना भेटले ते जुन्या कवितेत, एद्दा नावाच्या प्राचीन नॉर्स काव्यांमधे. आणि मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं, माणूस कवितेतून देवापर्यंत गेला.

आइसलँडने साधारण सन १००० मधे थिंगवेत्लिरच्या सभेत ख्रिस्ती धर्म घेतला होता. त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, एप्रिल १९७२ मधे, उन्हाळ्याचा पहिला दिवस, तिकडे सणच असतो तो, त्या दिवशी रेक्याविकच्या हॉटेल बोर्गमधे मोजकी माणसं जमली आणि जुन्या देवांची संघटना सुरू झाली, आउसात्रूआरफेलागिद. प्रमुख अर्थात स्वेनब्योर्न.

मग सरकारी नोंदणीचा अर्ज. बिशपांचा विरोध होता. डिसेंबरात हे लोक मंत्र्यांना भेटून आले आणि थोड्याच वेळात शहरावर वीज कडाडली, मधल्या भागातले दिवे गेले, थॉर म्हणजे गडगडाटाचाच देव, त्यामुळे हा किस्सा तिथे अजून सांगतात.

१९७३ मधे मान्यता मिळाली, म्हणजे आता लग्नं लावता येणार, अंत्यविधी करता येणार, कायद्याने. त्याच ऑगस्टमधे ड्रागहाउल्सला थॉरच्या मूर्तीसमोर उघड्यावर पहिला मोठा ब्लोत, म्हणजे देवांच्या नावाने सामूहिक पूजा न् मेजवानी, आणि पाऊस धो धो.

ते असेपर्यंत सभासद जेमतेम शंभराच्या आसपासच राहिले. त्यांनी कधी प्रचार केला नाही, शेत सांभाळलं, कविता म्हटल्या, १९८२ च्या एका रॉक माहितीपटात पंक पोरांच्या बँड्समधे हा पांढऱ्या दाढीचा माणूस शांतपणे रीमुर म्हणताना दिसतो, आणि तो सीन बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

२४ डिसेंबर १९९३ ला ते गेले. आज सभासद पाच हजारांच्या वर आहेत.

आता तोच आवाज पुन्हा, या वेळी मधे न बोलता.