बास हवा, की बास झाला?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा एम. जी. रोडवरच्या एका दुकानात फोनची काच बदलायला उभा होतो. शेजारी कॉलेजातला एक मुलगा आणि त्याचे वडील. मुलानं काउंटरवरचे हेडफोन डोक्यावर चढवले आणि दुकानदाराला पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, बास आहे का याला?" मागून वडील म्हणाले, "बास झालं आता, घे एखादा आणि चल." मला हसू आवरेना. पण आज मला जे सांगायचंय ते सगळं या दोन 'बास'मध्येच आहे. मुलाला खालचा आवाज किती हवा ते ठरवता येत नव्हतं आणि वडिलांना खर्च कुठे थांबवायचा ते.

मी साउंडवाला. लग्न, मैफल, व्याख्यान, जिथे माइक आणि भोंगे लागतात तिथे माझा टेम्पो जातो. वीसेक वर्षं हेच काम. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारतात, "दोन हजारांत कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "ऐकता काय? आणि कुठे बसून?" समोरचा वैतागतो. त्याला नाव हवं असतं. पण हे दोन प्रश्न टाळून नाव सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल देणं.

आधी त्या मुलाच्या बासबद्दल बोलू. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंत. यातला तळाचा भाग म्हणजे बास. आता आपण पडलो नाशिककर. ढोलाचा ठोका आपल्या छातीला आधी कळतो, कानाला मागाहून. हेडफोनला ते जमत नाही. त्याच्या ताब्यात कानापुरती चमचाभर हवा असते, तेवढ्यानं तो तुमची छाती काय हलवणार? ही उणीव भरून काढायला बऱ्याच स्वस्त हेडफोनमध्ये बास मुद्दाम फुगवलेला असतो. दुकानात पहिला अर्धा मिनिट तो भारी वाटतो. पण बास म्हणजे मिसळीवरची तर्री. बेतात असली तर मजा, ओततच गेलात तर मटकी कुठली आणि फरसाण कुठलं, जिभेला पत्ता लागत नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो. फुगवलेला बास तळात थांबत नाही, वर सांडतो, आणि नेमका या षड्जावर येऊन बसतो. मग गायक घागरीत तोंड घालून गातोय असं वाटतं. डीजेची गाणी, रॅप, ढोल-ताशाची रेकॉर्डिंगं ऐकणाऱ्यानं थोडा जास्त बास घ्यावा, खुशाल घ्यावा. पण भावगीत, अभंग, गझल किंवा ख्याल ऐकणाऱ्यानं खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' हे शब्द दिसले की पुढच्या खोक्याकडे वळावं.

उलट टोकाचीही एक गफलत आहे. काही हेडफोन वरचा आवाज एवढा धारदार करतात की 'स' आणि 'श' सुईसारखे टोचतात. दुकानात त्यालाच 'क्लिअर साउंड' म्हणतात. जुनी गाणी ऐकणाऱ्यांनी यापासून सांभाळावं. शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर आपल्या नाशिकचे, जन्म इथला, १९२१ सालचा. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्यानंतर. म्हणजे त्यांचं जे काही ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे ते मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, आणि त्या काळच्या यंत्रांवर झालेलं. धारदार हेडफोन लावलात तर पलुस्करांच्या आवाजाआधी तबकडीची खरखर ऐकू येते. शिवाय आवाज डावीकडून-उजवीकडून फिरतोय, मोठं दालन उभं राहतंय, यासाठी जे जास्तीचे पैसे मोजायचे ते इथे वाया. मोनोमध्ये सगळा आवाज डोक्याच्या मधोमधच बसतो. अशा ऐकणाऱ्याला हवा मधला पट्टा स्वच्छ असलेला, साधा, शांत हेडफोन. आणि तो स्वस्तात मिळतो, ही आनंदाची गोष्ट.

मग दुकानात पारखायचा कसा? दुकानदार जे गाणं लावून देईल ते ऐकू नका. ते त्यानं त्याच हेडफोनसाठी निवडलेलं असतं. घरून तीन गाणी घेऊन जा, पाठ असलेली. एकात बाईचा आवाज हवा आणि मागे वाद्यांची गर्दी नको. एकात ढोलकी हवी, कारण ढोलकीला एका बाजूला टणटणीत थाप आणि दुसऱ्या बाजूला घुमारा, दोन्ही एकाच वेळी वेगळे ऐकू येतात की एकमेकांत कालवतात ते तिथे लगेच कळतं. आणि तिसरं, आलापाची सुरुवात, ज्यात तानपुरा एकटा आहे. तानपुऱ्याची जवारी, ती तारेची रेंगाळणारी झणझण, नीट ऐकू आली तर बाकी फारसं तपासायला नको. एक खूणगाठ मात्र बांधून ठेवा. दोन हेडफोनची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. जरासा मोठा वाजणारा हेडफोन आपल्या कानाला चांगलाच वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. माझ्या धंद्यातले लोकही याला फसतात, मी धरून.

खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' लिहिलेलं असतं, ते वाचून भाळू नका. तीनशे रुपयांच्या मालावरही तेच छापतात. त्या पट्ट्यात कुठे उंचवटा आहे आणि कुठे खड्डा, ते खोकं सांगत नाही. 'चाळीस एमएम ड्रायव्हर'चंही तसंच. ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा पडदा. पातेलं मोठं असलं म्हणून भाजी चवदार होत नाही.

आता दुसरा प्रश्न, कुठे बसून ऐकता. पंचवटी एक्सप्रेसनं रोज मुंबईला अप-डाउन करणारे माझे एक मित्र आहेत. त्यांना मी आवाज दाबणारे, ज्याला नॉइज कॅन्सलिंग म्हणतात, ते घ्यायला लावले. हे तंत्र असं: हेडफोनवरचा छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडतं. चढाला उतार मिळाला की दोन्ही सपाट. गाडीच्या चाकांचा, एसीचा, विमानाच्या इंजिनाचा एकसुरी घरघराट यात छान दबतो. पण समोरच्या बाकावरच्या मंडळींच्या गप्पा आणि पत्त्यांचा कल्ला तितका दबत नाही, कारण बोलणं सतत बदलतं आणि वरच्या पट्टीत असतं. मित्र पहिल्याच आठवड्यात तक्रार घेऊन आले, "कसारा घाट गायब झाला, पण शेजारचा माणूस आहे तसाच आहे." त्याला इलाज नाही. हे तंत्र लोकांपर्यंत आणण्यात बोस कंपनीचा मोठा वाटा आहे. तिचे संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगालमधले, ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीतून अमेरिकेत गेलेले. बोस यांना ही कल्पना १९७८ साली सुचली, तीही विमानात, हेडफोन लावून बसले असताना.

घरात एकट्यानं, शांत खोलीत ऐकणार असाल तर मागून उघडे, ओपन-बॅक हेडफोन बघा. आवाज मोकळा, खोलीत घुमल्यासारखा येतो. पण तो बाहेरही तेवढाच सांडतो. दोन खोल्यांच्या घरात आजोबा झोपलेत आणि तुम्ही ओपन-बॅक लावून बसलात, तर तुमची आवड आजोबांनाही ऐकावी लागेल. तिथे बंद कपाचेच बरे.

गाणं शिकणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो. फोनवर तानपुरा लावून रियाज करायचा तर कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरू नका. दोन्ही कानांत बोटं घालून 'आ' म्हणून बघा. स्वतःचा आवाज आतल्या आत घुमतो ना? तो आवाज खोटा असतो, आणि त्यावर सूर लावायची सवय लागली की मोडता मोडत नाही. एक कान मोकळा ठेवा, नाहीतर सरळ छोट्या स्पीकरवर तानपुरा लावा. की-बोर्डचं अ‍ॅप वाजवणाऱ्यांनी ब्लूटूथच्या वाटेला जाऊ नये. बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो.

गाडी चालवताना? काहीही घालू नका. त्र्यंबक रोडवर मागून भोंगा वाजवूनही बाजूला न होणारी पोरं बघून माझा टेम्पोचा ड्रायव्हर जे बोलतो ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

आता खिसा. माझं मत रोखठोक आहे. दोन हजारांच्या आत तारवालेच घ्या. बिनतारी घेतलात तर त्या पैशात बॅटरी, ब्लूटूथचा तुकडा, चार्जिंगची डबी सगळं येतं आणि आवाजाच्या वाट्याला उरलंसुरलं राहतं. शिवाय त्या इवल्याशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम तोडतात आणि बहुतेकांत बदलताही येत नाहीत. तारवाल्यात याच किमतीला मूनड्रॉप, केझेड अशा चिनी कंपन्यांचे कानात बसणारे इअरफोन मिळतात, आणि पूर्वी पाच हजारांत मिळत नव्हता असा आवाज ते देतात. तार सुटी करता येईल असे बघून घ्या. इअरफोन बहुतेक वेळा तारेतच मरतो. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीची छोटी जोडपट्टी हजाराच्या आत मिळते.

पाच हजारांच्या पुढे गेलात की कानावर बसणारे स्टुडिओचे हेडफोन आवाक्यात येतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जवळपास तसाच विकला जातोय. आमच्या धंद्यात तो घरातल्या जुन्या कढईसारखा, दिसायला ओबडधोबड, कामाला पक्का. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्सही तसाच नावाजलेला, मात्र बास थोडा उचललेला. त्याहून वर चढणाऱ्यांनी ओहम हा शब्द लक्षात ठेवावा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन फोनवर सहसा आरामात वाजतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा गाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे. तो नुसत्या फोनला लावलात तर दुबळा वाजतो आणि मग त्याच्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, म्हणजे घोड्यापाठोपाठ खोगीर. हा फाटा बजेटमध्ये धरूनच पुढे जा. त्याच्या वरचं जग मला ठाऊक आहे, पण त्याबद्दल बोलायला ज्यांना हौस आहे त्यांना माझी गरज नाही.

स्वस्तातल्या मोहाबद्दल एक कबुली देतो. एकदा नामांकित कंपनीचा हेडफोन निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून मी एका ठिकाणाहून मागवला. खोकं हुबेहूब, शिक्का हुबेहूब. डोक्यावर घातला आणि तानपुरा लावला, तर पत्र्याच्या डब्यात मधमाशी सोडल्यासारखा आवाज. नकली होता. वीस वर्षांचा अनुभव आणि निम्म्या किमतीपुढे सगळा पाण्यात. तेव्हापासून अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल, याशिवाय मी घेत नाही.

आणि घेतल्यावर निदान एकदा ते रबरी गोंडे बदलून बघा. कानात घालायच्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठे असे गोंडे येतात. आमच्या पंचवटीतल्या एक काकू माझ्यावर रागावून आल्या. "तू सांगितलेला घेतला, त्यात डग्गाच वाजत नाही." बघतो तर पिशवीतले बाकीचे गोंडे तसेच सीलबंद. त्यांच्या कानाला लहान गोंडा लागत होता. मधला पूर्ण आत जातच नव्हता, फट राहत होती, आणि फट राहिली की बास पहिला निघून जातो. गोंडा बदलला, डग्गा आला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकला आणि मग मला चहा विचारला.

आवाज किती मोठा ठेवायचा, हे सांगायचा अधिकार मला माझ्या डाव्या कानानं दिलाय. भोंग्यांशेजारी आयुष्य गेलं, आता रात्री सगळं सामसूम झालं की त्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, पण ९० डेसिबलला फक्त ४. आवाज दर तीन डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो. डेसिबल मोजायला यंत्र नको. हेडफोन लावलेला असताना हाताच्या अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि काहीच कळलं नाही, तर आवाज कमी करा. बाहेर गोंगाट आहे म्हणून आवाज वाढवत जाणाऱ्यांनी त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे घ्यावेत. बाहेरचं जग थोडं बंद झालं की कमी आवाजातही गाणं पुरतं.

माझी वेळ संपत आली. जाता जाता, फोनवर एफएम ऐकणाऱ्या मंडळींसाठी. फोनमधला रेडिओ तारवाल्या इअरफोनची तारच अँटेना म्हणून वापरतो, म्हणून तार लावल्याशिवाय तो सहसा सुरूच होत नाही. बिनतारी घेतलात तरी जुना तारवाला इअरफोन फेकू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि आत्ता माझा आवाज खरखरत असेल, तर तार गुंडाळून ठेवलेली असणार. ती मोकळी करा आणि जरा खिडकीकडे सरका. नमस्कार.