आधी गोळी कमी, मग वजन

(दृश्य : करी रोड स्टेशन, सकाळची गर्दी. मग जुन्या वजनाच्या मशीनचं छायाचित्र.)

एके काळी मुंबईकराचं वजन स्टेशनावर व्हायचं. मशीनवर उभं राहायचं, लाल-निळे दिवे लुकलुकले की नाणं टाकायचं आणि खणकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. त्यावर वजन, जोडीला भविष्य. आकडा वाढलेला असला तरी 'आपला स्वभाव उदार आहे' असलं काहीतरी वाचून माणूस खुशीत गाडीत चढायचा.

ती मशीन्स आता फारशी दिसत नाहीत. वजनाचं भविष्य सांगणारे मात्र लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांवरही भेटतात. 'एका महिन्यात दहा किलो', खाली फोन नंबर.

(दृश्य : लालबागमधलं स्वयंपाकघर. फक्त हात दिसतात.)

चेहरा दाखवायचा नाही या अटीवर या काकू बोलल्या. वय ५२, वजन ८२ किलो. मार्च महिना, आणि मेमध्ये मुलीचं लग्न.

"रात्रीचं जेवण बंद केलं. दुपारी नुसती काकडी नि ताक. पण डायबेटिसची गोळी एक दिवस चुकवली नाही हो!"

घात झाला तो तिथेच. त्यांची गोळी ग्लिमेपिराइडची. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात घास आहे की नाही, हे ती बघत नाही. आठव्या दिवशी करी रोडच्या जिन्यावर काकूंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. कॉलेजच्या एका मुलीने पायरीवर बसवून ग्लुकोजचं पाणी पाजलं, म्हणून थोडक्यात निभावलं.

(दृश्य : दवाखाना. टेबलावर टेप आणि बीपीचं मशीन.)

डॉक्टरांनी डाएटचा कागद काढलाच नाही. आधी गोळी कमी केली. खाणं घटलं, वजन उतरू लागलं, की साखरेचा आणि बीपीचा कालचा डोस आज जड होतो. तो वेळेवर कमी करणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम जिमच्या ट्रेनरचं नाही.

मग प्रश्न. घोरता का? गुडघे दुखतात का? पाळी कधी थांबली? आणखी कुठलं औषध? (स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही वजन वाढतं.) थायरॉइड, किडनी, लिव्हर, हिमोग्लोबिन तपासून झाल्यावर कमरेला टेप.

या टेपला आपल्याकडे फार किंमत आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला : पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण असे, हातापायांनी किरकोळ आणि आतून चरबीवाले. म्हणून जगात बीएमआय ३० ला स्थूलपणा म्हणतात, तर आपल्यासाठी ती रेघ २५ वर आहे. कंबर बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली, की डॉक्टर सावध होतात.

काकूंना वेग ठरवून दिला : आठवड्याला अर्धा किलो.

"म्हटलं, मॅडम, लग्नापर्यंत चारच किलो?"

चारच. फार भराभर उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. उलट एकूण वजनाच्या पाच-दहा टक्के जरी गेलं, तरी साखर आणि बीपी दोन्ही सुधारायला लागतात.

जेवण घरचंच राहिलं. भाताची मूद लहान झाली, मुगाची उसळ वाढली, बुधवार-शुक्रवार मासळी, पण तळून नाही. बंद झाला तो उपवास. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस : एकादशी, दुप्पट खाशी. पथ्याच्या नावावर आपण काय काय खातो, याची वेगळी फिल्म होईल.

(दृश्य : संध्याकाळ. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला लागून चालणारे लोक.)

लेडीज डब्यात हल्ली इंजेक्शनची चर्चा असते. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात विकायला आलं. भूक मंदावते, पोट लवकर भरतं, वजन खरंच उतरतं. पण डोस पायरीपायरीने चढवावा लागतो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतं. आणि बंद केलं की वजन बहुधा परततं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, मैत्रिणीच्या फ्रिजमधून घ्यायची ही वस्तू नव्हे. सिब्युट्रामिन नावाची गोळीही एके काळी दुकानात राजरोस मिळायची. हृदयाला धोका दिसला, २०११ मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली.

काकूंना इंजेक्शन लागलं नाही. जुलैत तीन आठवडे काटा हलेना, तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. टेप लावली, तर कंबर दोन सेंटीमीटरने कमी.

(दृश्य : ऑगस्ट. दवाखाना, बाहेर पाऊस.)

चपला काढून काकू काट्यावर. साडेशहात्तर. डॉक्टर हाताला बीपीचा पट्टा बांधतात, आकडा बघतात आणि कागदावरच्या एका गोळीवर पेनाने रेघ मारतात.

"मॅडम, गणपतीत मोदक?"

"दोन."

"रोज?"

डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारतात.