जुन्या फायबर ट्रेलरचं पुढचं झाकण: तुटलं तरी टाकू नका

नमस्कार मंडळी. अमेरिकेत किंवा कॅनडात राहून ज्यांनी गाडीमागे ओढायचा, आत राहायचा जुना फायबरग्लासचा ट्रेलर घेतलाय, किंवा घ्यायचा विचार करताय, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे. विषय एकच: टंगवरचं झाकण.

[ट्रेलरच्या पुढच्या भागाकडे हात दाखवून]

हा जो पुढे आलेला लोखंडी त्रिकोण आहे, ती टंग. टोकाला कपलर, तो गाडीच्या मागे लावलेल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसतो. मागे गॅसचा सिलिंडर, बॅटरी, जॅक. आणि या सगळ्यावर पाऊस, चिखल, पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे झेलत बसलेलं हे फायबरचं झाकण. अनेक जुन्या ट्रेलरवर ते तडकलेलं असतं, नाहीतर गायबच असतं.

तडकलेलं असेल तर माझं पहिलं सांगणं: ते कचऱ्यात टाकू नका. दोन तुकडे झालेले असले तरी नाही. का, ते सांगतो.

या ट्रेलरची गोष्टच अशी आहे की शरीर टिकलं आणि कारखाने गेले. बोलर हा १३ फुटी ट्रेलर १९६८ साली कॅनडात विनिपेगला सुरू झाला. फायबरची दोन अर्धी कवचं एकमेकांवर बसवायची, मधे सांधा. गंज नाही, लाकडी सांगाडा कुजायचा प्रश्न नाही, म्हणून ते आजही रस्त्यावर दिसतात. पण त्या काळचा कारखाना कधीच बंद झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यात यूहॉल या ट्रक-ट्रेलर भाड्याने देणाऱ्या कंपनीने भाड्यासाठी १३ आणि १६ फुटी फायबर ट्रेलर बनवले आणि पुढे विकून टाकले. त्यांचे सुटे भाग आज कंपनीकडून मिळत नाहीत. मिनेसोटातल्या बॅकस गावचा स्कॅम्प आणि टेक्ससमधल्या राइस गावचा कसिटा यांचं बरं आहे, ते नवे ट्रेलर बनवत आलेत. तुमचा ट्रेलर त्यांच्यापैकी असेल तर आधी थेट त्यांच्याच सुट्या भागांच्या विभागाला फोन करा.

पण फोनच्याही आधी माप घ्या. केवळ ट्रेलरच्या नावावर झाकण मागवायचं नाही. मधल्या ४०-५० वर्षांत कुणीतरी फ्रेम बदललेली असते, कुणी मोठा जॅक लावलेला असतो, कुणी एकाच्या जागी दोन सिलिंडर बसवलेले असतात. म्हणून कपलरच्या मागून कवचापर्यंतची लांबी, कवचाजवळची त्रिकोणाची रुंदी आणि फ्रेमपासून पुढच्या खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची लिहून काढा. २० पौंडी सिलिंडर साधारण १८ इंच उंच आणि १२ इंच रुंद असतो, ३० पौंडी अंदाजे २४ इंच उंच. त्यात रेग्युलेटर आणि होज वळायला जागा धरा. आणि जॅकचं हँडल पूर्ण फिरतं का, ते बघाच. हे बरेच जण विसरतात.

आरव्हीच्या, म्हणजे राहत्या गाड्या-ट्रेलरच्या सामानाच्या दुकानात प्लास्टिकची तयार झाकणं मिळतात. ती बहुतेक दोन सिलिंडरच्या मापाची असतात, बॅटरी बाहेरच राहते. काम भागतं, पण जुन्या गोल ट्रेलरला शोभत नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या राज्यातून जुनं फायबरचं मिळालं तर उत्तम, फक्त कुरिअरचा खर्च आधी विचारा. वस्तू हलकी असली तरी आकारावर पैसे घेतात. शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा.

आता तुटलेल्या झाकणाकडे येऊ.

[तुकडा उचलून, आतली बाजू दाखवून]

तडा बहुतेक बोल्टच्या भोकापासून सुरू होतो. पातळ फायबर, घट्ट आवळलेला बोल्ट आणि रस्त्याचे हादरे. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने ग्राइंडरने तड्याच्या दोन्ही अंगांना रुंद उतार काढा. अॅसिटोनने पुसा. त्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि मॅटचे, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांच्या चटईचे, थर द्या. रेझिन घट्ट करणारा हार्डनर साधारण १ ते २ टक्के, डब्यावर लिहिलेलं प्रमाण बघून. एपॉक्सी वापरणार असाल तर ही साधी मॅट घेऊ नका. तिचे धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. मग थर नीट बसत नाही. एपॉक्सीला विणलेलं कापड घ्या. गॉगल, हातमोजे आणि रसायनाच्या वाफेसाठीचा मास्क लावल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

झाकण फारच फुटलं असेल, तरी तुकडे जुळवा, आतून तात्पुरते जोडा, बाहेरून पुट्टी भरून पॉलिशपेपरने घासा. झाला तुमचा नमुना. त्यावर मेणाचे भरपूर हात, मग पीव्हीए (साचा सुटून यावा म्हणून लावायचा पातळ थर), मग जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर) आणि मॅट, की साचा तयार. महाराष्ट्रात फायबरच्या मूर्ती घडवतात, ते याच पद्धतीने: आधी नमुना, त्यावर साचा, साच्यात जेलकोट आणि मॅट. म्हणून म्हणतो, फुटका तुकडा जपून ठेवा. तो गेला की आकारही गेला.

हातात काहीच नसेल तर आकार स्वतः घडवावा लागतो. तेव्हा थर्माकोलवर थेट पॉलिएस्टर रेझिन ओतू नका, थर्माकोल वितळतो. पॉलियुरेथेनचा फोम घ्या. आणि बाजू खालच्या तोंडाकडे किंचित पसरत्या ठेवा, नाहीतर झाकण साच्यातून निघणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकण कितीही सुंदर झालं तरी ते हवाबंद करायचं नाही. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळती झाली तर गॅस खाली साचतो, म्हणून तळ उघडाच हवा. खाली पत्रा किंवा फळी ठोकून 'सामान ठेवायला खोका' करायचा मोह आवरा. बॅटरी पाण्याची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका, वर जातो, म्हणून वरच्या बाजूलाही झरोका हवा. बॅटरी तिच्या वेगळ्या डब्यात ठेवा, सिलिंडरला खेटून नको. रेग्युलेटरचं श्वासाचं भोक खाली तोंड करून असू द्या. सिलिंडर फ्रेमला त्याच्या स्वतःच्या रॉडने आवळलेला हवा. त्याला धरून ठेवणं हे झाकणाचं काम नाही. आणि व्हॉल्व्ह बंद करायला पाना शोधावा लागता कामा नये. झाकणाला वर उघडणारं छोटं दार ठेवा, नाहीतर हाताने सुटणारी क्लिप लावा.

बसवताना बोल्टखाली मोठे वॉशर आणि रबर घाला, बोल्ट बेताने आवळा. व्हॉल्व्ह उघडून सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून तो जोड आधी दुरुस्त करा. नंतर ट्रेलर गाडीला जोडा, गाडीचा मागचा दरवाजा उघडून बघा, आणि मोकळ्या पार्किंगमध्ये हळूहळू दोन्हीकडे घट्ट वळण घ्या. बाहेर कुणाला तरी उभं करा. बंपर झाकणाला लागायच्या बेतात असेल तर थांबा, आणि झाकण मागे सरकवून नवी भोकं पाडा.