दहा रुपयांचा स्टॅम्प आणि विद्यापीठाची फाईल

नमस्कार श्रोतेहो. मी नौपाड्यात राहते, रिटायर होऊन चार वर्षं झाली, त्याआधी एका विद्यापीठाच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली, कुठल्या ते विचारू नका, पेन्शन तिथूनच येतं. शेवटची काही वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे, उत्तराचा मसुदा मी करायचे आणि सही साहेब ठोकायचे. हल्ली सोसायटीतली, नात्यातली, नात्याच्या नात्यातली पोरं माझ्याकडे येतात, मावशी जरा अर्ज लिहून द्या म्हणून. म्हणजे आधी अर्ज परतवायचे आणि आता अर्ज लिहिते, नवरा म्हणतो पापं फेडतेयस. फेडतेय तर फेडतेय.

तर आज खिडकीच्या आतल्या बाजूनं अर्ज कसा दिसतो ते सांगते.

पाकीट फोडलं की आम्ही पहिल्यांदा काय बघायचो, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलाय का. नंतर अर्जात 'का' हा शब्द शोधायचो. खरंच सांगते. "माझ्या मुलास अकाउंट्समध्ये नापास का करण्यात आले, निकालास विलंब का झाला, याला जबाबदार कोण व त्यांच्यावर आपण काय कारवाई करणार" असा अर्ज आला की आमच्याकडे चहा मागवला जायचा, कारण काम संपलेलं असायचं. एक ओळ टाइप करायची, सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि जावक नंबर टाकून पाठवून द्यायचं. वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण कायदा त्या बाबतीत आमच्या बाजूचा होता. २००५ च्या कायद्यात माहिती म्हणजे कागद, नोंदी, ईमेल, आदेश, करार, अहवाल, जे ऑफिसात कुठल्या तरी रूपात आधीपासून आहे ते. कारणं आणि खुलासे नव्यानं लिहून द्यायला अधिकारी बांधील नाही, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये हेच म्हटलंय की 'का'चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे.

आता तोच बाप जर असं लिहील, की अमुक तारखेला मी दिलेल्या तक्रार अर्जावर, आवक क्रमांक अमुक, आजपर्यंत झालेल्या सगळ्या टिपणीची प्रत द्या, आणि तो अर्ज कुठल्या टेबलावर कधी आला कधी गेला हे दाखवणाऱ्या नोंदवहीच्या पानांची प्रत द्या, तर चहा थंड व्हायचा हो. कारण टिपणीत सगळं असतं. कोणी लिहिलं 'चर्चा करावी', कोणी नुसतीच सही केली, कोणाकडे फाईल दीड महिना पडून होती. 'का' न विचारता 'का'चं उत्तर हातात येतं, आणि ते सुद्धा त्यांच्याच अक्षरात.

अर्ज छोटा लिहा. आपल्या महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि शब्द साधारण दीडशे. लोक चिडतात यावर, मला विचाराल तर विषयाची अट त्रासाची आहे पण शब्दांची अट बरी, नाहीतर लोक पहिली दोन पानं आपण किती गरिबीतून शिकलो ते लिहितात. माहिती कशाला हवी हे सांगायचं नसतंच, कायद्यानं ते विचारताही येत नाही. आम्ही मात्र फोन करून विचारायचो, गोड आवाजात, "काय झालं साहेब, काही प्रॉब्लेम आहे का", आणि माणूस भडाभडा सगळं सांगून टाकायचा.

आता उत्तरपत्रिकेचं बघू, विद्यापीठाला जाणारे निम्मे अर्ज त्याचेच असतील असं मला आपलं वाटतं. ऑगस्ट २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सीबीएसईच्या केसमध्ये सांगून टाकलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा, तिची प्रत घ्यायचा हक्क आहे. तपासणाऱ्याचं नाव आणि सही झाकून देतात, ते बरोबरच आहे, उद्या त्याच्या घरी कोणी जाऊन उभं राहायला नको. पण त्याच निकालात एक वाक्य आहे ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, की संस्थेच्या नियमाप्रमाणे उत्तरपत्रिका जितके दिवस ठेवायची असते तितकेच दिवस ती मागता येते. नंतर ती रद्दीत जाते, रीतसर जाते. त्यामुळे निकाल लागला, आधी गणपती होऊ देत, मग दिवाळी होऊ देत, असं करत बसलात तर मग आम्ही "अभिलेख उपलब्ध नाही" लिहायला मोकळे. तसं उत्तर आलंच तर पुढचा अर्ज टाका, नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदीची प्रत द्या म्हणून. कागद फाडायलाही कागद लागतो सरकारी ऑफिसात, आणि पुष्कळदा तो दुसरा कागद केलेलाच नसतो.

पैशाचंही सांगते. विद्यापीठांची स्वतःची फोटोकॉपी स्कीम असते, तिची फी वेगळी. माहिती अधिकारात पानाला दोन रुपये. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेनं उत्तरपत्रिकेच्या प्रतीला विषयामागे पाचशे रुपये ठेवले होते, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१९ मध्ये कोर्ट म्हणालं की दोन्ही रस्ते मोकळे आहेत, पण विद्यार्थी माहिती अधिकारातून आला तर फी त्याच नियमानं घ्यायची. माझा सल्ला मात्र असा की रिव्हॅलची, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घ्यायची, मुदत जवळ असेल तर स्कीमचेच पैसे भरा, कारण माहिती अधिकाराला तीस दिवस आहेत आणि रिव्हॅलची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

कोपरखैरण्याची एक मुलगी आलेली माझ्याकडे, वडिलांना घेऊन, वडील एपीएमसी मार्केटला कामाला. पाच विषयात साठच्या वर आणि एका विषयात बावीस. रिव्हॅल केलं, बावीसच. फोटोकॉपी होती तिच्याकडे, दहा वेळा बघून कोपरे दुमडलेली. मी चष्मा लावून बसले. उत्तरं बरी होती, मार्कांची बेरीजही बरोबर होती, प्रश्न चारचा अ अर्धा होता आणि पुढे काहीच नाही. मी म्हटलं सोडून दिलास का गं. म्हणाली नाही ओ मावशी, पुरवणीत लिहिलं. मग पहिलं पान बघितलं, तिथे पुरवण्यांच्या चौकटीत निळ्या पेननं दोन लिहिलेलं, आणि प्रत आलेली एकाच पुरवणीची. इतके जण त्या कागदावरून गेले, तपासणारा, त्याचं तपासलेलं बघणारा मॉडरेटर, रिव्हॅलवाला, कोणी तो दोनचा आकडा वाचला नाही. रिव्हॅलवाल्याला तरी काय दोष द्यायचा, त्याच्यासमोर जे आलं ते त्यानं तपासलं.

आम्ही अर्जात दोनच गोष्टी मागितल्या. एक, पुरवण्यांसकट पूर्ण उत्तरपत्रिकेची पाहणी. दुसरी, त्या दिवशीच्या त्या वर्गाच्या ज्युनिअर सुपरवायझर रिपोर्टमधली, म्हणजे परीक्षेला वर्गावर असलेल्या पर्यवेक्षकाच्या कागदातली, तिची ओळ, बाकी मुलांची नावं झाकून चालतील. त्या रिपोर्टवर पुरवणीचे नंबर असतात आणि समोर मुलांच्या सह्या. तो कागद परीक्षेनंतर सहसा कोणी बघतच नाही, म्हणून त्यात कोणी हात घातलेला नसतो. तिच्या ओळीत दोन नंबर होते, दोन सह्या होत्या. दुसरी पुरवणी शेजारच्या नंबरच्या उत्तरपत्रिकेला बांधलेली निघाली.

मार्क वाढले, पास झाली. पण ते व्हायला इतका वेळ गेला की तोपर्यंत तिनं केटीचा फॉर्म भरून, पुन्हा अभ्यास करून तो पेपर परत दिलेला होता. फॉर्मचे पैसे परत मिळाले का, तर नाही. त्याचा वेगळा अर्ज चालू आहे.

पाहणी हा शब्द आत्ता आला म्हणून सांगते, लोक नुसत्या झेरॉक्स मागतात, अख्खी फाईल बघायला मागत नाहीत. पहिला तास फुकट असतो. वही पेन्सिल घेऊन जा, पानांचे नंबर टिपा, मग हवी तीच पानं मागा. नंबर मध्येच गायब असेल, म्हणजे सतरा नंतर एकदम वीस, तर तेही लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट, कॉलेजची. प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजं म्हणतात आम्हाला हा कायदा लागू नाही, वाद घालत बसू नका. कॉलेजला संलग्नता देतं विद्यापीठ, त्यासाठी समिती येऊन कॉलेज बघून जाते, लॅब आहे का, लायब्ररीत पुस्तकं किती, मान्यता मिळालेले शिक्षक किती, आणि तिचा अहवाल विद्यापीठात असतो. विद्यापीठाला जी माहिती दुसऱ्या कायद्याखाली मागवता येते ती तुम्हाला विद्यापीठाकडून मागता येते. ठाणे, नवी मुंबईत एवढी कॉलेजं उघडलीत, ॲडमिशनच्या आधी हा अहवाल वाचणारा पालक मला अजून भेटायचाय, सगळे कॅन्टीन बघून येतात.

मुदतीत एक खोच आहे, ती आम्हीच वापरायचो म्हणून माहीत. तीस दिवसांत उत्तर द्यायचं, पण पानांचे पैसे भरा असं पत्र पाठवलं की तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तीसात मोजत नाहीत. मग एकोणतिसाव्या दिवशी पत्र जायचं, अडतीस रुपये भरा. तुम्ही लगेच त्या दिवशी जाऊन भरा आणि पावती घ्या, पोस्टावर सोडू नका. तीस दिवस उलटूनही काहीच आलं नाही तर नकार समजायचा, आणि मग माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील त्याच विद्यापीठातल्या वरच्या साहेबांकडे, तीस दिवसांच्या आत, वीस रुपयांचा स्टॅम्प, तिथे फार आशा ठेवू नका पण ते टाळून पुढे जाता येत नाही. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाची खंडपीठं आहेत, त्यातलं कोकणचं इथेच बेलापूरला कोकण भवनात. ऑफिस कुठल्या जिल्ह्यात त्यावर खंडपीठ ठरतं, तेवढं बघून पाठवा. तारीख लागायला फार वेळ जातो, खोटं कशाला बोलू. पण दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड आहे आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून, त्यामुळे आयोगाची नोटीस आली की आमच्याकडे हरवलेल्या फायली दोन दिवसांत सापडायच्या. एकदा तर कपाटाच्या मागून निघाली, पंखा पुसायला आलेल्या शिपायाला.

अर्ज हातोहात द्यायला गेलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, "ठेवून जा, नंतर मारतो शिक्का" म्हणतील, मी स्वतः म्हटलंय. आणि स्टॅम्प ठाण्यात कोर्टनाक्याला मिळतो, फक्त सकाळी जा, दुपारी जेवायला उठला की स्टॅम्पवाला कधी येईल सांगता येत नाही.