लाठी हातात कोणी दिली होती?

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो, या व्याख्यानमालेत आतापर्यंत बोलून गेलेली मंडळी आपापल्या विषयातली जाणकार होती. माझी पात्रता एवढीच की मतदार यादीत माझं नाव आहे आणि दर निवडणुकीला ते शोधून काढून मी मत देऊन येतो. सिनेमाही मी तसाच पाहतो, रांगेत उभा राहून. दहशतवादावरचे सिनेमे आणि निवडणुकीतले उमेदवार असा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, नक्की कशावर बोलणार? म्हटलं, दोन्हींवर. दोघांचीही माझ्याकडून एकच अपेक्षा असते : मध्येच प्रश्न विचारू नका. एकाची अडीच तास, दुसऱ्याची पाच वर्षं.

सिनेमापासून सुरुवात करतो, कारण तो जास्त गोड आहे. 2008 च्या सप्टेंबरात ‘अ वेनस्डे’ आला. रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांनी पेटून उठलेला एक सामान्य माणूस गच्चीवर बसून फोनवरून पोलिसांना वेठीला धरतो, अतिरेक्यांना सोडा म्हणतो, आणि ते त्याला हवे असतात मारून टाकण्यासाठी. खटला नाही, अपील नाही. थिएटरात टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या. सिनेमा म्हणून तो बांधेसूद आहे, नसीरुद्दीन शाह तर काय बोलावं. पण खऱ्या रेल्वे स्फोटांचं काय झालं? 11 जुलै 2006 च्या त्या खटल्यात विशेष न्यायालयाने 2015 मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सगळी शिक्षा रद्द करून बाराही जणांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात धावलं.

आता सांगा, गच्चीवरच्या त्या माणसाच्या हाती हे बारा जण लागले असते तर? एक तर निरपराध माणसांनी एकोणीस वर्षं तुरुंगात काढली, नाहीतर अपराधी असूनही आपल्या यंत्रणेला ते सिद्ध करता आलं नाही. यातलं काहीही खरं असो, लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात आज काय आहे? सिनेमात शेवटच्या रिळापर्यंत गुन्हेगार कोण हे आपल्याला पक्कं कळलेलं असतं. तीच तर त्या तिकिटाची किंमत. पण ती खात्री डोक्यात घेऊन आपण बाहेर पडतो आणि पुढच्या महिन्यात मतदानाला जातो, तेव्हा घोटाळा सुरू होतो. ‘फटाफट निकाल लावू’ म्हणणारा उमेदवार आपल्याला ओळखीचा वाटायला लागतो, कारण तो आपण पडद्यावर पाहिलेला असतो.

तो सिनेमा येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात 26 नोव्हेंबर उजाडला. त्या रात्रीवर नंतर देशात आणि परदेशात बरेच चित्रपट निघाले, मालिका निघाल्या. मी बहुतेक पाहिले आहेत. सगळ्यांत एक प्रसंग हमखास येतो आणि मी तो प्रत्येक वेळी डोळे पुसत पाहतो. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. समोर गाडीतून आलेला कसाब, त्याच्याकडे एके-47. ओंबळ्यांनी त्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि पकड सुटू दिली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. म्हणून कटाचा धागा हाती लागला. अशोकचक्र मरणोत्तर मिळालं.

दिग्दर्शक इथे संगीत चढवतो, कॅमेरा सावकाश फिरवतो, आणि त्याचं काम त्याने चोख केलेलं असतं. माझं काम मात्र तिथे सुरू व्हायला हवं. ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. एके-47 समोर लाठी! ती लाठी त्यांच्या हातात कोणी दिली होती? कुठल्या अर्थसंकल्पात, कुठल्या खरेदी समितीत, कुठल्या मंत्र्याच्या टेबलावर फाइल पडून राहिली म्हणून? पडद्यावर लाठी हे शौर्याचं चिन्ह होतं. विधानसभेत तो हिशेबाचा प्रश्न व्हायला हवा. आपण पहिल्यावर रडतो आणि दुसरा विचारायचं राहून जातं. मला तर वाटतं, काही लोकांना आपलं हे रडणं फार सोयीचं पडतं.

त्या वेळी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली होती. 2009 मध्ये तिचा अहवाल आला. पोलिसांकडची शस्त्रं, गोळीबाराचा सराव, हाताशी नसलेला दारूगोळा, ठरलेली कार्यपद्धती प्रत्यक्षात न पाळली जाणं, असं सगळं त्यात होतं. या सभागृहात तो अहवाल वाचलेले किती जण आहेत, हात वर करा. (दोन हात वर झाले.) आणि त्या रात्रीवरचा एखादा तरी चित्रपट पाहिलेले? (बहुतेक सर्व हात वर.) असो, मी कोणाला रागावत नाही. अहवालात गाणी नसतात.

एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून यावे लागले, कारण देशाच्या आर्थिक राजधानीत त्यांचा तळच नव्हता. तो झाला 2009 मध्ये, सगळं होऊन गेल्यावर. ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट बळकावून ते दहा जण आले आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंसुद्धा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. गोळ्या चालू असताना ते माइकवरून प्रवाशांना कुठल्या बाजूने बाहेर पडा ते सांगत राहिले, आणि अनेकांचे जीव वाचले. माणूस जागेवर असणं, माइक चालू असणं, बाहेर पडायची वाट मोकळी असणं. सुरक्षा बहुतेक वेळा अशी दिसते, अगदी बिनचेहऱ्याची.

याच्याही मागे जाऊ. 12 मार्च 1993, मुंबईतले साखळी बॉम्बस्फोट, 257 माणसं गेली. ते आरडीएक्स आकाशातून पडलं नव्हतं. रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरलं. पुढे विशेष टाडा न्यायालयात जे दोषी ठरले त्यांत कस्टमचे अधिकारी होते आणि पोलीसही होते. सोन्याचांदीची तस्करी सोडायची सवय लागलेल्या हातांनी हा मालही सोडला. म्हणजे बॉम्ब ज्या वाटेने आला, ती वाट लाचेने आधीच तयार करून ठेवली होती. ‘ब्लॅक फ्रायडे’ने यातलं बरंच धीटपणे दाखवलं. खटल्याचा निकाल लागायचा म्हणून उच्च न्यायालयाने तो अडवून धरला होता, शेवटी 2007 मध्ये तो लोकांपुढे आला. तो पाहताना शत्रू फक्त सीमेपलीकडे आहे असं वाटून घ्यायची सोय राहत नाही. त्याची आठवण आपण कमी काढतो, त्याचं कारण हेच असावं.

म्हणून जो उमेदवार लाचेबद्दल गप्प आणि अतिरेक्यांबद्दल गर्जना करतो, त्याच्याकडे मी जरा डोळे बारीक करून बघतो.

इथे शपथपत्राचा विषय निघतो. उमेदवाराने आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण जाहीर करायचं, हा हक्क आपल्याला सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांनी मिळाला, आणि तोही कायदा करणाऱ्यांचा विरोध मोडून. नमुना 26 म्हणतात त्याला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. 2020 मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं : गुन्हे प्रलंबित असलेल्या माणसाला तिकीट दिलंत तर का दिलंत, ते पक्षाने लिहून जाहीर करायचं, नुसती ‘जिंकून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. मी ती कारणं हौसेने वाचतो. सगळीकडे एकच मजकूर : उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्य करतो, गुन्हे राजकीय सूडातून. विनोदी वाङ्मयाचा तुटवडा आहे म्हणणाऱ्यांनी ती जरूर वाचावीत.

आता अवघड भाग. दहशतवादाचाच आरोप असलेला माणूस उभा राहिला तर? हे काल्पनिक नाही. मालेगावच्या सप्टेंबर 2008 च्या स्फोटातल्या आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर 2019 मध्ये भोपाळमधून लोकसभेवर निवडून आल्या, खटला चालू असताना. त्याच प्रचारात त्यांनी, ज्या हेमंत करकरे यांनी त्या स्फोटाचा तपास केला आणि जे पुढे 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात शहीद झाले, त्यांचा मृत्यू आपल्या शापाने झाला असं विधान केलं आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतलं. 31 जुलै 2025 ला विशेष न्यायालयाने त्यांच्यासह सातही जणांची निर्दोष सुटका केली. दुसरीकडे 2024 मध्ये इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगातून बारामुल्लाला उभे राहिले आणि ओमर अब्दुल्लांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवून आले. त्यांच्यावर दहशतवादाला पैसा पुरवल्याचा खटला आहे. आपल्या कायद्याची गंमत पाहा, कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, मत मागता मात्र येतं.

माझ्या ओळखीत पहिल्या नावावर संतापणारे आणि दुसऱ्यावर गप्प बसणारे लोक आहेत. उलटेही आहेत, तेवढेच. दोघांनीही खटल्यातला एक कागद वाचलेला नसतो. माझं मत विचाराल तर, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे हे मी दोघांनाही लागू करतो. पण निवडणूक म्हणजे जामीन नव्हे. हजारो कार्यकर्त्यांमधून पक्षाला हाच माणूस का निवडावासा वाटला, हा प्रश्न निर्दोष सुटकेनंतरही उरतो. आणि शहीद अधिकाऱ्याबद्दल शापाची भाषा करणाऱ्याला मी मत देणार नाही, त्यासाठी मला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही.

सिनेमा आणि प्रचार यांच्यातलं कुंपण तर आता पडलंच आहे. ‘द केरला स्टोरी’ 5 मे 2023 ला प्रदर्शित झाला, कर्नाटकात 10 मे ला मतदान होतं, आणि पंतप्रधानांनी प्रदर्शनाच्याच दिवशी कर्नाटकातल्या बल्लारीच्या सभेत त्याचा उल्लेख केला. एका राज्याने तो करमुक्त केला, दुसऱ्याने बंदी घातली. दोन्ही सरकारांनी आपापल्या मतदाराला खूण केली. पुढे सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांना मान्य करावं लागलं की केरळातल्या बत्तीस हजार मुलींचं धर्मांतर झाल्याच्या आकड्याला अधिकृत आधार नाही, तशी पाटी लावू. पाटी आली तेव्हा कर्नाटकाचा निकाल लागून गेला होता. बंदी मला मान्य नाही, कुठल्याच सिनेमावर नाही. मात्र नेता तिकीटबारीवर येऊन उभा राहिला की प्रेक्षकाने पाकीट सांभाळावं.

आपल्याकडे याचा कळस 2008 मध्येच झाला होता. ताजमधला धूर जेमतेम विरला होता आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख पाहणीला गेले, ते अभिनेता मुलगा आणि दिग्दर्शक राम गोपाल वर्मा यांच्यासह. लोक खवळले, मुख्यमंत्रिपद गेलं. त्याआधी गृहमंत्री आर. आर. पाटील ‘मोठ्या शहरांत असं होतं’ अशा अर्थाचं बोलून पद गमावून बसले होते. वर्मांचा सिनेमा 2013 मध्ये आला.

लोक खवळले म्हणालो. गेटवेला मेणबत्त्या घेऊन किती माणसं जमली होती, आठवतं? ‘आता पुरे’ लिहिलेले फलक होते. राजकारण्यांना शिव्या होत्या. पाच महिन्यांनी, 30 एप्रिल 2009 ला लोकसभेचं मतदान झालं. मुंबईत ते झालं चाळीस टक्क्यांच्या थोडंसं वर. ज्या दक्षिण मुंबईत हल्ला झाला तिथेही तेवढंच. मीरा सन्याल, मोठ्या बँकेच्या प्रमुख, हल्ल्याने अस्वस्थ होऊन तिथे अपक्ष उभ्या राहिल्या. शिकलेल्या, स्वच्छ, मेणबत्तीवाल्यांना हव्या तशा. त्यांना जेमतेम दहा हजार मतं पडली, अनामत गेली. नेत्यांची निंदा करताना मला ही आकडेवारी नेहमी आठवते आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

मघाशी चिठ्ठी आली आहे : सगळेच उमेदवार नकोसे असतील तर ‘नोटा’ दाबावा का? दाबावा की. 2013 पासून सोय आहे. 2019 मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. पण विधानसभेला आणि लोकसभेला नोटाला कितीही मतं पडोत, उरलेल्यांत जो पुढे तो विजयी. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक असा आदेश काढला. म्हणजे गल्लीत दात आहेत, दिल्लीत नाहीत. रागावल्याचं कळवायला नोटा ठीक आहे.

मी त्यापेक्षा प्रश्न विचारतो. मागच्या वेळी एक उमेदवार आमच्या इमारतीत आले. हार, फटाके, मागे पन्नास पोरं. म्हणाले, ‘काका, काळजी करू नका, अतिरेक्यांना घरात घुसून मारू.’ म्हटलं, ‘ते होईल तेव्हा होईल. सागरी पोलिसांच्या गस्ती बोटी किती आहेत, त्यातल्या चालू किती, त्यांना डिझेल वेळेवर मिळतं का, एवढं सभागृहात विचाराल का?’ ते माझ्याकडे बघतच राहिले. मग बाजूच्या मुलाला म्हणाले, ‘काकांचा नंबर घे.’ त्याने घेतला. तेव्हापासून दर सणाला त्यांचा फोटो असलेल्या शुभेच्छा मला न चुकता येतात. बोटींचं उत्तर आलेलं नाही. मी प्रत्येक शुभेच्छेला तोच प्रश्न परत पाठवतो.